वेलिंग्टनचं वैर पाण्याशी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सहा माणसांसाठी घरी बीफ वेलिंग्टन करायचं म्हणतोस आणि शंका एकच विचारली आहेस, की खालची पेस्ट्री ओली राहणार नाही ना. नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंस. मांसात पाणी भरपूर, मशरूममध्ये त्याहून जास्त, आणि त्यांना गुंडाळायचं कशात, तर पाणी लागलं की बसणाऱ्या पफ पेस्ट्रीत. त्यामुळे पुढे बहुतेक सगळं पाणी कुठे आणि कसं अडवायचं याबद्दलच आहे.

नावाच्या भानगडीत फार पडू नकोस. 1815 साली वॉटर्लूची लढाई जिंकणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनशी ते जोडतात, पण त्याचा धड पुरावा मिळत नाही. पेस्ट्रीत गुंडाळून भाजलेलं मांस फ्रेंच स्वयंपाकात होतंच.

मांस फिलेच घे, म्हणजे टेंडरलॉइन, पाठीच्या कण्याखालचा सगळ्यात मऊ लांबट तुकडा, आणि त्याचा मधला भाग. साफ केल्यावर 1 किलो भरला पाहिजे. साधारण 20 सेंटिमीटर लांब, 8 सेंटिमीटर जाड आणि दोन्ही टोकांना सारखा. शेपटीकडचा निमुळता तुकडा कुणी गळ्यात मारायला लागलं तर घेऊ नकोस, कारण जाड बाजू शिजेपर्यंत निमुळती बाजू कोरडी पडते. वर एक चंदेरी चिवट पडदा असतो. सुरीचं टोक त्याच्याखाली सरकवून, पातं किंचित वरच्या अंगाला धरून पट्टीपट्टीनं काढून टाक. इतक्या थोड्या वेळात तो मऊ होत नाही, उलट आकसतो आणि तुकडा वाकडा करतो. मग दर तीन सेंटिमीटरवर सुती दोरा बांध, म्हणजे आकार गोल राहील.

आदल्या रात्री त्याला 8 ते 10 ग्रॅम मीठ चोळून, जाळीवर ठेवून, न झाकता फ्रिजमध्ये ठेव. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग ते खारं पाणी बरंचसं परत आत मुरतं आणि वरचा भाग सुकतो. गुंडाळायच्या तोंडावर मीठ लावलंस तर तेच पाणी पेस्ट्रीच्या आत सुटेल.

दुसऱ्या दिवशी जाड बुडाचं पॅन धूर दिसेपर्यंत तापव. लोणी नको, जळेल. साधं तेल घे. प्रत्येक बाजूला पाऊण ते एक मिनिट, दोन्ही टोकांनाही चटका द्यायचा, सगळं मिळून चार-पाच मिनिटांत आटपायचं. इथे मांस शिजवायचं नाहीये, वरून फक्त गडद तपकिरी करायचंय. पॅनला चिकटलेलं तपकिरी धुऊन टाकू नकोस, सॉसला लागेल. दोरा काप, मांस गरम असतानाच त्याला दोन मोठे चमचे इंग्लिश किंवा दिजाँ मस्टर्ड फास आणि फ्रिजमध्ये पूर्ण गार होऊ दे. ‘बऱ्यापैकी निवलंय’ म्हणून पुढे गेलास तर फसशील. कोमट मांसाची वाफ आतल्या आत कोंडते आणि वरच्या पेस्ट्रीतलं लोणी ओव्हनच्या आधीच वितळतं.

आता मशरूम. घोळ होतो तो बहुधा इथेच. मशरूमच्या वजनात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. 600 ग्रॅम मशरूम फूड प्रोसेसरमध्ये थांबत थांबत फिरव. रव्याइतकं बारीक हवं, चटणी नको. 30 ग्रॅम लोण्यात दोन छोटे कांदे मंद आचेवर मऊ कर, त्यात थाइम या सुगंधी वनस्पतीची पानं, मशरूम आणि चिमूटभर मीठ घाल, आच वाढव. पॅन पसरट असू दे; खोल भांड्यात वाफ निघून जात नाही. पहिल्या पाच मिनिटांत पाणी इतकं सुटतं की पॅनमध्ये डबकं होतं. मग ते आटत जातं आणि आवाज बदलतो, रटरट थांबून चुरचुर सुरू होते. बरेच जण इथेच गॅस बंद करतात. अजून थांब. उलथन्यानं मधोमध रेघ ओढ. रेघ तशीच राहिली, कडेनं पाण्याचा ओघळ आला नाही आणि लगदा एका गोळ्यासारखा सरकायला लागला की झालं. वीस मिनिटं तरी लागतात, आणि 600 ग्रॅमचे जेमतेम 200 ग्रॅम उरतात. वाइन घालायची असेल तर दोन चमचे आणि तीही आटवून. ताटलीत पातळ पसरून गार कर. या मिश्रणाला डक्सेल म्हणतात. क्रीम घाला असं सांगणाऱ्या पाककृती सरळ सोडून दे. एवढा वेळ पाणी काढायचं आणि परत ओतायचं, याला काही अर्थ नाही.

ओट्यावर क्लिंग फिल्मचे दोन पदर अंथर. त्यावर प्रोश्युटोचे, म्हणजे खारवून सुकवलेल्या इटालियन हॅमचे, आठ-दहा पातळ काप एकमेकांवर थोडे चढवून लाव आणि डक्सेल चमच्याच्या पाठीनं दाबत सगळीकडे सारखं पसर. प्रोश्युटो नको असेल तर अंड्या-मैद्याचे पातळ क्रेप लाव. ते सुटणारा रस शोषून घेतात, आणि माझ्या मते त्या कामी प्रोश्युटोपेक्षा सरस आहेत. मांस अलीकडच्या कडेवर ठेवून फिल्मच्या मदतीनं वळकटी कर. फिल्म आत अडकता कामा नये. मग दोन्ही टोकं चॉकलेटच्या वेष्टनासारखी उलट दिशांना पीळ, जितकी घट्ट पिळशील तितका आकार गोल. अर्धा तास फ्रिजमध्ये.

पफ पेस्ट्री विकतची चालेल, पण शुद्ध लोण्याची घे. ती फुलते कशी, ते लक्षात असू दे. कणकेच्या थरांमध्ये लोण्याचे थर असतात, ओव्हनच्या झळीनं आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पदर उचलून वेगळे करते. ओव्हनमध्ये जायच्या आधीच लोणी वितळलं तर कणकेत मुरतं, मग पदर सुटत नाहीत. म्हणून पेस्ट्री बोटांना मऊ लागायला लागली की मुकाट्यानं फ्रिजमध्ये परत. 500 ग्रॅम पेस्ट्री 3 ते 4 मिलिमीटर जाड लाट. याहून जाड ठेवलीस तर आतून कच्चट राहते. दोन अंड्यांचे बलक, चमचाभर पाणी आणि चिमूटभर मीठ फेटून आतून लाव, फिल्म काढलेली वळकटी वर ठेव आणि गुंडाळ. जोड खाली यायला हवा आणि तो दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त चढवायचा नाही. टोकांची जास्तीची पेस्ट्री बिनदिक्कत कापून टाक, दुहेरी-तिहेरी घड्या झालेली कणीक शिजत नाही. वरून बलक लाव, पुन्हा अर्धा तास फ्रिज, मग बलकाचा दुसरा हात. नक्षी सुरीच्या पाठीनं काढ; धारेनं काढलीस तर पेस्ट्री आरपार कापली जाते.

ओव्हन 220 अंशांवर, पंख्याचा असेल तर 200 वर, आणि जाड ट्रे आतच तापत ठेवलेला. वेलिंग्टन बेकिंग पेपरवर असू दे आणि कागदासकट त्या तापलेल्या ट्रेवर सरकव. बुडाला लगेच चटका बसायला हवा. गार ट्रेवर खालचं लोणी फक्त वितळून पसरतं. वीस मिनिटांनी आच 20 अंशांनी उतरव. एकूण 35 ते 45 मिनिटं लागतील, पण घड्याळावर विसंबू नकोस. प्रोब थर्मामीटर, म्हणजे मांसात खुपसायचा सुईचा थर्मामीटर, टोकाकडून आडवा, बरोबर मध्यापर्यंत खुपस आणि 47-48 अंशांना बाहेर काढ. जाळीवर पंधरा मिनिटं ठेवलं की बाहेरची उष्णता आत पोचून आकडा 54-55 पर्यंत चढतो, म्हणजे मीडियम रेअर, मधे गुलाबी आणि रसाळ. जाळीऐवजी ताटात ठेवलंस तर बूड स्वतःच्याच वाफेनं भिजेल, आणि वरून फॉइल झाकलंस तर वरचे पदरही मऊ पडतील. 60 अंशांच्या वर मांस आकसून रस पिळून टाकायला लागतं. फिलेमध्ये चरबी फारशी नसते, त्यामुळे तो कोरडेपणा लपत नाही. जेवणाऱ्यांत कुणी गरोदर किंवा फार वयस्क असेल तर मात्र त्यांच्यापुरता हा हट्ट सोड: एक छोटा तुकडा वेगळा करून आतून 63 अंश होऊ दे.

पेस्ट्री आधीच तांबूस झाली आणि आत अजून 35 च असेल तर घाबरू नकोस. वर फॉइल नुसतं टेकव, कडा दाबू नकोस, आणि आच 180 वर आण.

कापताना दाते असलेली सुरी घे आणि करवतीसारखी चालव. दाबलंस की पेस्ट्री एकीकडे, मांस एकीकडे. काप अडीच-तीन सेंटिमीटर जाड ठेव, पातळ काप उभे राहत नाहीत. सॉस बाजूला वाढ, वर ओतू नकोस.

आठला पानं वाढायची असतील तर सव्वासहाला ओव्हन लाव, सातला वेलिंग्टन आत, पावणेआठच्या आत बाहेर. गुंडाळण्याचं सगळं सकाळीच उरकून फ्रिजमध्ये ठेवलंस तरी चालतं. आणि थर्मामीटर आदल्या दिवशी बर्फाच्या पाण्यात बुडवून बघ. शून्य दाखवत नसेल तर जितका फरक आहे तितका मनात धरून चाल.

तुझाच,
जिवलग मित्र