मंगळवारी वेरूळ बंद असतं, तेव्हा तरी आमचं शहर बघा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या छत्रपती संभाजीनगरात पाहुण्यांची गर्दी होते आणि दरवर्षी तेच, एक दिवस अजिंठा, दुसऱ्या दिवशी वेरूळ, ट्रेनला वेळ उरलाच तर अर्धा तास बीबी का मकबऱ्यात सेल्फी, झालं शहर बघून. गेल्या वर्षी पुण्याचा मावसभाऊ नेमका मंगळवारी आला, वेरूळ बंद, जाम चिडला होता, म्हटलं चल, चालायची तयारी ठेव.

ऊन चढायच्या आत भडकल गेटपासून निघालो. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० ला खडकीला, म्हणजे आमच्याच ह्या शहराला, राजधानी केली आणि १६१२ ला मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून हा दरवाजा बांधला. गाडीतून जाताना काही कळत नाही, खाली उभं राहून मान वर करून कमान बघायची. तिथून चालतच पाणचक्कीला. लोक हौदातले मासे बघून परत फिरतात, अहो, ते पाणी आलं कुठून ते बघा ना! उत्तरेच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी आणलंय, पंप नाही लाईट नाही, नुसता उतार, आणि उंच भिंतीवरून ते पडतं त्याच्या जोरावर जातं फिरायचं, फकीर आणि यात्रेकरूंसाठी दळण व्हायचं. हौदाच्या खाली अख्खं दालन आहे, मे महिन्यातसुद्धा गार.

मकबऱ्याला ताजची नक्कल म्हणतात त्याचं मला फार वाईट वाटतं. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर, घुमट संगमरवरी, बाकी बरंचसं काम चुन्याच्या गिलाव्याचं, पण ती नक्षी जवळ जाऊन बघा एकदा. दारावर अताउल्ला आणि हंसपतराय ही बांधणाऱ्यांची नावं कोरलीत, ती वाचायला कुणी थांबतच नाही. आणि मागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, रिक्षाने जा, पायऱ्या आहेत थोड्या. ७ नंबरच्या लेणीत नाचणारी बाई आणि भोवती वाजवणाऱ्या बाया, ३ नंबरमध्ये गुडघे टेकून बसलेले माणसाएवढे भक्त. भाऊ तिथे कितीतरी वेळ गप्पच बसला होता.

संध्याकाळी नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, आणि वेळ असेल तर रेशीम-सुताची हिमरू शाल विणताना बघा.

साहेब, विनंती एवढीच, ज्यांच्या हातात आहे त्यांनी शहराच्या जुन्या दरवाजांवरची पोस्टरं काढावीत, नीट माहितीचे बोर्ड लावावेत आणि फुटलेल्या नहरी, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारे जुने नळ, वाचवाव्यात. चारशे वर्षांपूर्वी ह्या शहराने पाण्याचा एवढा विचार केला होता आणि आज आम्ही नळाला पाणी कधी येईल म्हणून दिवस मोजतो, हे मनाला फार लागतं. तुमच्या रविवारच्या पुरवणीत पायी फिरायचा एक नकाशा छापलात तर फार बरं होईल.

भाऊ यंदा वहिनीला घेऊन येतोय, सोनेरी महाल राहिलाय बघायचा.

आपला,
बेगमपुऱ्यातला एक वाचक