वजनाची फी घ्या, पण वजन करून

माननीय नौवहनमंत्री यांस,

स. न. वि. वि.

मी निर्यातीची कागदपत्रं करतो. भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन, आमच्या बोलीत 'व्हीजीएम', कट-ऑफच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या, आत शिपिंग लाइनला म्हणजे जहाज कंपनीला कळवणं हे माझं रोजचं काम. हा नियम रद्द करा, असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. २००७ च्या जानेवारीत 'एमएससी नेपोली' हे जहाज इंग्लिश खाडीत तडकलं. डेकवरचे कोरडे राहिलेले सुमारे ६६० कंटेनर तेव्हा तोलले गेले. त्यातल्या १३७ डब्यांचं वजन कागदापेक्षा तीन टनांहून अधिक वेगळं निघालं, एकाचं तर तब्बल वीस टनांनी. जड डबा हलका समजून वरच्या थरात चढवला, की खालचे डबे आणि लॅशिंग, म्हणजे डबे जखडणारी बांधणी, त्याची किंमत मोजतात. १ जुलै २०१६ पासून 'सोलास' या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानं वजनाची पडताळणी सक्तीची केली, ते योग्यच झालं.

माझं भांडण फीशी आहे.

नियमानं शिपरला, म्हणजे माल पाठवणाऱ्याला, दोन वाटा दिल्यात. भरलेला डबा काट्यावर चढवा, किंवा माल, पॅकिंग, खालीवरचं लाकूड यांचं वजन करून त्यात दारावर रंगवलेलं रिकाम्या डब्याचं वजन मिळवा. दुसऱ्या वाटेची पद्धत सरकारमान्य लागते, आणि भंगार किंवा सुट्या धान्याला ती चालत नाही. अंदाजपंचे आकडा कुठेच चालत नाही. पहिल्या वाटेतही काट्यावर उभा असतो तो अख्खा ट्रेलर. त्याचं, टाकीतल्या डिझेलचं वजन वजा करावं लागतं. ट्रेलरवर वीस फुटी दोन डबे असतील तर एकूण वजन निम्मं करून भागत नाही, दोन्ही वेगवेगळे तोलावे लागतात. एवढी मेहनत शिपरची, जबाबदारीही त्याचीच.

मग आम्ही आयता पाठवलेला आकडा नुसता नोंदवून घेण्याचे पैसे कशाचे? बिलात 'व्हीजीएम शुल्क' अशी ओळ येते, तेव्हा त्यामागे काटा असतोच असं नाही. उशीर झाला तर दंड वेगळा, दुरुस्ती केली तर आणखी वेगळा.

मागे आमच्या एका डब्याचं वजन बंदरातल्या कंटेनर टर्मिनलवर आम्ही कळवलेल्यापेक्षा चारशे किलो जास्त भरलं म्हणून फेरवजनाचं बिल आलं. लाकडी पॅलेट पावसात भिजले होते, तेव्हा फरक खराही असेल. मी वजनपावती मागितली. तीन मेल झाले, पावती आली नाही. शेवटी साहेबांनी पैसे भरायला सांगितले, कारण जहाज चुकवणं त्याहून महाग पडलं असतं. अशी बिलं याच हिशोबावर वसूल होतात.

तेव्हा एवढं कराच. ज्या डब्याला काटा लागला नाही, त्यावर वजनाची फी लावू देऊ नका. फेरवजनाच्या बिलाला तारीख, वेळ आणि काट्याचा क्रमांक असलेली पावती जोडणं सक्तीचं करा. किती टक्के फरक चालेल, ते लेखी जाहीर करा आणि तो सगळ्या टर्मिनलना एकच ठेवा. टर्मिनलच्या गेटवर काटा असेल, तर तिथलं वजन शिपरलाही त्याच दिवशी कळू द्या. आकडा यंत्रात असतोच, फक्त आमच्यापर्यंत पोहोचत नाही.

त्या चारशे किलोंची फाइल माझ्या टेबलावर अजून उघडी आहे. आपल्या कार्यालयानं मागितली तर तिन्ही मेलसकट पाठवीन.

आपला,
निर्यात विभागातला एक कारकून