अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी राहावी म्हणून : वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचे आवाहन

स. न. वि. वि.

नगरपरिषदेच्या यंदाच्या अंदाजपत्रकात आपल्या सार्वजनिक वाचनालयासाठीची तरतूद निम्म्यावर आली आहे. बातमी गावात फिरली तेव्हा बरेच जण भेटले, हळहळले आणि 'काहीतरी केलं पाहिजे' असं म्हणून गेले. हे पत्रक त्या 'काहीतरी'साठी आहे. घाईत असाल तर थेट शेवटाकडे जा, पैशांचा हिशेब तिथे मांडला आहे. मधला मजकूर वाचलात तर आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाशी बोलताना उपयोगी पडेल.

तरतूद कमी झाल्याचा पहिला फटका अभ्यासिकेला बसतो. आज ती सकाळी सात ते रात्री नऊ उघडी असते, त्यासाठी दोन पाळ्यांत दोन माणसं लागतात. पैसे नाहीत म्हणजे दुसरी पाळी जाणार आणि संध्याकाळी पाचला कुलूप लागणार. मंडळाच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारलं, 'दिवसभर तर उघडी आहे ना, मग काय बिघडलं?' बिघडतं ते असं. दिवसभर मोकळा असलेला मुलगा दहाला येतो, पाचला जातो, त्याचं फारसं अडत नाही. जो मेडिकलच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, जी मुलगी झेरॉक्सच्या दुकानात बसते, ती सहा-साडेसहाला येतात. तलाठी, पोलीस भरती, राज्यसेवा, बँका, ज्याची त्याची तयारी वेगळी, पण अभ्यासाची वेळ एकच, सात ते नऊ. घरी दोन खोल्यांत टीव्ही चालू असतो. खासगी अभ्यासिका आहेत, तिथे एसी आहे, वायफाय आहे आणि महिन्याची फीही आहे. संध्याकाळची पाळी बंद केली की ज्यांना दुसरीकडे जाता येतं ते जातील. ज्यांना येत नाही तेच आपल्याकडे येत होते.

वर्तमानपत्रांचा कक्ष मुक्तद्वार आहे. तिथे सभासद असण्याची गरज नाही, नाव विचारलं जात नाही. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून आलेली माणसं एसटीची वेळ होईपर्यंत पंख्याखाली बसून पेपर वाचतात. काही जण नुसतेच बसतात. त्यावर मंडळात पूर्वी एकदा वाद झाला होता आणि बसू द्यावं असं ठरलं. ते ठरलेलं आजही कायम आहे. दैनिकांची संख्या मात्र कमी करावी लागेल.

देवघेव विभागाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण त्या कपाटांतली पुस्तकं उघडून पाहिलीत की वाचनालय कोणाचं आहे ते कळतं. कादंबऱ्यांच्या एकविसाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने केलेली बारीक फुली असते. कुठे तेहतिसाव्या पानावर टिंब असतं, कुठे छोटासा त्रिकोण. प्रत्येक खूण एकेका वाचकाची. वर्षानुवर्षं वाचणाऱ्या बायका दुपारी येतात, पुस्तक हातात घेतलं की आधी आपलं ठरलेलं पान उघडतात आणि 'हे झालंय माझं' म्हणून परत ठेवतात. पुस्तकावर लिहू नये अशी पाटी काउंटरवरच आहे. ग्रंथपाल बाई या फुल्यांकडे काणाडोळा करतात आणि मंडळ ग्रंथपाल बाईंकडे. पण अलीकडे या वाचक तीन-चार पुस्तकं उघडून, पान बघून, रिकाम्या हाताने जाऊ लागल्या आहेत. नवी खरेदी थांबली की हेच होतं. 'काय आलंय नवीन?' या प्रश्नाला बाई हल्ली दिवाळी अंकांचा गठ्ठा पुढे करतात, तोही मागच्या वर्षीचा.

नगरपरिषदेला खलनायक ठरवण्याचा आमचा विचार नाही. मुख्याधिकाऱ्यांनी वेळ दिला, जमाखर्च समोर ठेवला. पाणीपुरवठ्याच्या पंपांचं वीजबिल पाहून आम्हीही गप्प झालो. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली, तेव्हापासून मोठी मदार राज्याच्या सहायक अनुदानावर आहे आणि घरपट्टीची वसुली कशी होते ते आपण सगळे जाणतो. पैसा कमी आहे हे मान्य.

पण कात्री दरवेळी इथेच का लागते, त्याचं कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम 1965 च्या कलम 49 मध्ये नगरपरिषदेची कामं दोन गटांत विभागली आहेत. रस्ते, दिवे, पाणी, गटारं ही आवश्यक कामं. ग्रंथालयं येतात स्वेच्छाधीन कामांत. म्हणजे पैसे उरले आणि इच्छा असली तर. महानगरपालिकांच्या कायद्यातही ग्रंथालयाची जागा साधारण हीच आहे. त्यामुळे हिशेब जुळेना झाला की लेखा विभागाचा हात आपोआप या ओळीवर जातो आणि त्याने काही बेकायदा केलं असंही म्हणता येत नाही.

आता आपल्या घरपट्टीचं बिल काढून पाहा. त्यात शिक्षण कर सापडेल, वृक्ष कर सापडेल. ग्रंथालयाच्या नावाचा एक पैसाही सापडणार नाही, कारण 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात ग्रंथालय कर ठेवलेलाच नाही. तमिळनाडूत मालमत्ता कराच्या प्रत्येक रुपयामागे दहा पैसे ग्रंथालयासाठी वसूल होतात, कर्नाटकात सहा टक्के उपकर आहे. ही राज्यं आपल्यापेक्षा फार श्रीमंत आहेत म्हणून नव्हे, त्यांच्या कायद्यात तशी सोय आहे म्हणून. आणि गंमत अशी की देशातला पहिला ग्रंथालय कायदा आपल्याच भागात झाला, 1945 मध्ये, कोल्हापूर संस्थानात.

राज्य सरकारचं परिरक्षण अनुदान मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही. नसतं तर वाचनालय केव्हाच बंद पडलं असतं. पण ते किती असतं याची गावात फारशी कल्पना नाही, म्हणून सांगतो. 2012 नंतर या अनुदानात वाढ व्हायला दहा वर्षं गेली. मग साठ टक्के वाढ झाली. आकडा ऐकायला मोठा वाटतो. आसपासच्या खेड्यांत 'ड' म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाची ग्रंथालयं आहेत, त्यांना पूर्वी वर्षाला तीस हजार मिळत, त्या वाढीनंतर अठ्ठेचाळीस हजार झाले. महिन्याला चार हजार. त्यात ग्रंथपालाचं वेतन, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, झाडलोट, सगळं बसवायचं. आपला वर्ग वरचा आहे, अनुदानही जास्त आहे, पण त्यातलं निम्मं वेतनावर गेलं तरी कर्मचाऱ्यांच्या हातात पडणारी रक्कम सांगायला जीभ रेटत नाही. राज्यातल्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी मिळावी ही मागणी कित्येक वर्षांची आहे. रजिस्टरवर सही करून शंभर पुस्तकं शोधून देणाऱ्या माणसाला आपण काय देतो, हे कधीतरी काउंटरवर उभं राहून विचारून पाहा.

कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतूनही पुस्तकं येतात. चांगली येतात. फक्त आपल्या वाचकाने मागितलेलं पुस्तक त्यात असेलच असं नाही. वाचकाची मागणी पुरवायला हातात थोडा मोकळा पैसा लागतो आणि तो आजवर नगरपरिषदेच्या अनुदानातून येत होता.

हे फक्त आपल्याच गावात होतंय असं समजू नका. न्यूयॉर्क शहराने 2023 मध्ये खर्चाला कात्री लावली आणि नोव्हेंबरपासून तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या, रविवारी उघड्या असणाऱ्या बहुतेक शाखांची रविवारची सेवा बंद झाली. तिथले नागरिक पुढचे काही महिने पत्रं लिहीत राहिले, सभांना जात राहिले, नगरसेवकांना गाठत राहिले. 2024 च्या उन्हाळ्यात नव्या अंदाजपत्रकात ती रक्कम परत घालण्यात आली. जगातल्या इतक्या धनाढ्य शहरालाही कपातीसाठी हाच खर्च आधी आठवला, ही एक गोष्ट. लोकांनी लावून धरलं तर तो परत मिळतो, ही दुसरी. आम्हाला दुसरीत जास्त रस आहे.

तर आता मागणं.

संध्याकाळची पाळी सांभाळणाऱ्या माणसाचं मानधन महिना आठ हजार, वर्षाचे शहाण्णव हजार. रक्कम लिहितानाच संकोच वाटतो, पण आज तेवढीच आहे. दैनिकं आणि नियतकालिकं तीस हजार. वीज आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या चोवीस हजार. नवी पुस्तकं साठ हजार. एकूण दोन लाख दहा हजार रुपये. आपले सभासद सातशेच्या घरात आहेत. प्रत्येकाने तीनशे दिले तरी वर्ष निघतं. सगळे देणार नाहीत हे आम्हाला माहीत आहे. म्हणून ज्यांना जमतं त्यांनी दोघा-चौघांचा वाटा उचलावा. पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असलेली आपल्या गावची मुलं, ज्यांनी याच अभ्यासिकेत बसून परीक्षा दिल्या, त्यांना हे पत्रक जरूर पाठवा. ती मुलं विसरलेली नाहीत. त्यांना कोणी विचारलेलं नाही.

एका दैनिकाचं वर्षभराचं बिल साधारण दोन हजार रुपये होतं. ते उचललंत तर वृत्तपत्राच्या लाकडी पट्टीवर तुमचं किंवा तुम्ही सांगाल त्यांचं नाव राहील. जुन्या पुस्तकाची बांधणी शे-दीडशे रुपयांत होते आणि बांधणीला आलेली पुस्तकं दोन कपाटं भरून आहेत. आई-वडिलांच्या स्मरणार्थ मोठी रक्कम द्यायची असेल तर ती कायम निधीत ठेव म्हणून राहील, फक्त व्याजातून पुस्तकं घेतली जातील. मुद्दलाला हात लावायचा नाही असा ठराव मंडळाने केला आहे.

देणगी शक्यतो धनादेशाने किंवा यूपीआयने द्यावी. वाचनालयाच्या नावाचा क्यूआर कोड काउंटरवर लावला आहे, दुसरीकडे कुठे दिसला किंवा मोबाइलवर कोणी पाठवला तर आधी विचारून घ्या. देणगीवरची प्राप्तिकरातली, 80जी म्हणून ओळखली जाणारी सवलत रोख दिलेली देणगी दोन हजारांपर्यंत असेल तरच मिळते, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ती मिळतच नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, मार्चमध्ये वाद नकोत. प्रत्येक रकमेची पावती मिळेल. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, हिशेब दरवर्षी तपासले जातात, आणि या निधीचा जमाखर्च दर महिन्याच्या पाच तारखेला सूचना फलकावर लागेल. कोणालाही वही मागून पाहता येईल.

पुस्तकं देणार असाल तर मनापासून स्वागत, पण एक विनंती आहे. आधी यादी आणा. माळा रिकामा करताना पोती भरून थेट दारात आणून टाकू नका. मागच्या वेळी आलेल्या पोत्यांत जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, लग्नाचे अल्बम आणि वाळवी निघाली. वाळवी आमच्या दोन फळ्यांपर्यंत पोचली. स्पर्धा परीक्षांची चालू आवृत्तीची पुस्तकं, मुलांची चित्रांची पुस्तकं आणि गेल्या दहा वर्षांतल्या चांगल्या कादंबऱ्या, चरित्रं हवी आहेत. विश्वकोशाचे काही खंड घरात पडून असतील तर तेही सांगा, आमच्या संचात मधले काही गहाळ आहेत.

पैसे आणि पुस्तकं दोन्ही जमत नसतील तर वेळ द्या. निवृत्त मंडळींपैकी कोणी आठवड्यातून दोन संध्याकाळी काउंटरवर बसायला तयार असेल तर अभ्यासिका उघडी ठेवायला तेवढाही आधार पुरतो. संगणक येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींनी दाखल नोंदवहीतल्या (आलेल्या पुस्तकांच्या वहीतल्या) नोंदी ई-ग्रंथालय प्रणालीत चढवायला मदत करावी. मराठी टायपिंग येत असेल तर उत्तम, येत नसेल तर चार दिवसांत येतं. गावात बांधणीचं काम येणारे कोणी असतील तर त्यांनी एका रविवारी आमच्या शिपायाला शिकवावं.

आणि सह्या. पुढच्या सर्वसाधारण सभेपूर्वी नगरपरिषदेला निवेदन द्यायचं आहे. मागण्या दोनच: कमी केलेली तरतूद सुधारित अंदाजपत्रकात परत घालावी, आणि मंजूर रक्कम वर्ष संपता संपता न देता दोन ठरलेल्या हप्त्यांत द्यावी. निवेदन काउंटरवर ठेवलं आहे. सही करताना वॉर्ड क्रमांक लिहायला विसरू नका. नगरसेवक नाव वाचतील न वाचतील, वॉर्ड जरूर वाचतात. वर्गणीची थकबाकी असणाऱ्यांनीही सही करायला यावं. त्या वेळी थकबाकीचा विषय काढणार नाही असं ग्रंथपाल बाईंनी कबूल केलं आहे. स्वतःहून भरलीत तर नाही म्हणणार नाहीत.

सर्व सभासद, वाचक आणि हितचिंतकांची बैठक येत्या रविवारी सकाळी दहा वाजता वाचन कक्षात आहे. खुर्च्या कमी आहेत, अभ्यासिकेतल्या मुलांना उठवायचं नाही, त्यामुळे सतरंज्या घातलेल्या असतील. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांनी शिपायाला आधी सांगावं.

आपले,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय