चिंच फोडायची मशीन अन् "जुना उद्योग": उद्योगमंत्र्यांना खुलं पत्र

मा. उद्योगमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

मी लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातला, आयटीआय फिटर. आमच्या तालुक्यात पानचिंचोली आहे, तिथल्या चिंचेला २०२४ ला जीआय मिळालं, म्हणजे ही चिंच त्याच गावची खास अशी सरकारी नोंद झाली, पेपरात फोटो बिटो आले. चिंच फोडणारा हात मात्र त्यातल्या एकाही फोटोत मला दिसला नाही, म्हणून हे पत्र.

फेब्रुवारीपासून आमच्याकडं पत्र्याच्या शेडात बायका बसतात. आधी टरफल काढायचं, मग शिरा ओढायच्या, मग एकेक चिंच दगडावर ठेवून हातोडीनं ठोकायची अन् चिंचोका बाहेर. मजुरी किलोवर. माझी माय हेच करत आली, तिच्या डाव्या अंगठ्याचं नख मी कधी सरळ बघितलेलं नाही. (चिंचोका पण वाया जात नाही बरं का, त्याची पावडर कापड गिरणीत सुताला खळ द्यायला जाते.) तर माझ्या डोक्यात आलं की पायानं दाबायची एक साधी मशीन करावी, दोन पट्ट्यांच्या मधी चिंच ठेवायची, पायडल दाबलं की चीर पडंल अन् चिंचोका खाली, हात मधी जायचाच नाही.

सांगायला एवढंच आहे, करायला दोन सीझन गेले. पहिली केली साध्या लोखंडाची, वेल्डिंगच्या दुकानातल्या भंगारातून. दुसऱ्याच दिवशी गर काळा पडला. तांब्या-पितळेची भांडी आपण चिंचेनंच घासतो, ती लोखंडाला सोडणार व्हय, पण हे मला मशीन झाल्यावर सुचलं! मग स्टेनलेस स्टील, ३०४ नंबरचं, ते लोखंडापेक्षा कितीतरी महाग. त्यात दुसरीच अडचण, आभाळ आलं की चिंच चिकट होते अन् पट्टीला गर बसतो, दर पाच मिनिटाला चाकूनं खरवडा. मग एका बाजूला नायलॉनची पट्टी लावली तेव्हा कुठं जमलं. पण तोवर एप्रिल संपला होता, अन् चिंच वर्षातून एकदाच येते साहेब, सीझन चुकला की पुढच्या फेब्रुवारीपर्यंत नुसतं बघत बसायचं. आता तिसरं मॉडेल चालतंय. हातोडीच्या दीडपट काम होतं, फार नाही, उगं फुगवून सांगणार नाही. पण अंगठा वाचतो. शेजारच्या दोन मावश्यांनी स्वतःहून विचारलं, केवढ्याला देतोस रे. तिथून मला वाटाय लागलं की हा धंदा होऊ शकतो.

आता खरी गंमत. मी उद्यम रजिस्ट्रेशन केलं, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ते फुकटात झालं, खरं ते खरं. सहा मशीन बनवून विकल्या, बिलं फाडली. मग पीएमईजीपीला, म्हणजे केंद्राच्या कर्ज अन् सबसिडीच्या योजनेला, अर्ज करायचा ठरवलं, ५० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट बसतो, गावाकडं सबसिडी ३५ टक्क्यांपर्यंत, मला तर चार लाखच पाहिजे होते, एक सेकंडहँड लेथ (धातू कातायची मशीन) अन् आर्गन वेल्डिंगचा सेट. बँकेतले साहेब आधी म्हणाले, ही मशीन कुणी घेतंय का त्याचा पुरावा आणा. मी बिलं दाखवली. तर म्हणतात, म्हणजे तुमचा उद्योग चालूच आहे की, ही योजना नवीन उद्योगाला आहे! साहेबांची चूक नाही, नियमातच आहे तसं, आधीपासून चालू असलेल्या युनिटला बसत नाही. पण मला सांगा, विकून दाखवलं नाही तर विश्वास नाही, अन् विकून दाखवलं तर जुना उद्योग, मग माणसानं नेमकं कोणत्या दिवशी अर्ज करायचा? वर तारण विचारलं ते वेगळंच, एवढ्या छोट्या कर्जाला तारण घ्यायचं नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे हे मी त्यांना सांगितलं तर माझ्याकडंच बघत राहिले.

पीठगिरणी किंवा मिरची कांडप टाकतो म्हणलं असतं तर रेडिमेड कोटेशन, रेडिमेड रिपोर्ट, सगळं मिळालं असतं. कारण त्या मशीन कुणीतरी आधीच शोधलेल्या आहेत.

पेटंटचं थोडक्यात सांगतो. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये, पण कागद लिहून देणाऱ्यानं मला २५ हजार सांगितले. अन् त्याच्या आधीच मी हौसेनं मशीनचा व्हिडिओ ग्रुपवर टाकून बसलो होतो, एकदा जगाला दाखवलं की ती गोष्ट नवीन राहत नाही म्हणे. एकानं बघून तशीच केली पण साध्या लोखंडाची, त्याचा पण गर काळा पडलाय, त्यामुळं मी काही बोललो नाही.

मला पेटंट नको, अनुदान पण एकवेळ नको. तालुक्याच्या आयटीआयत लेथ आहे, मिलिंग आहे, संध्याकाळी सगळं कुलपात असतं. माझ्यासारख्याला आठवड्यातून दोन संध्याकाळ तिथं काम करू द्या, जवळ एखादे निदेशक राहू द्या, वीज अन् मटेरियलचे पैसे आम्ही भरतो. आयटीआय तुमच्या खात्यात येत नाही, कौशल्य विभागात येते, मला माहितीये, पण दोघंही एकाच मंत्रिमंडळात बसता की. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, अवजारं अन् साचे बनवायचं सरकारी केंद्र, डाय म्हणजे साचा तिथं मस्त होतो, पण एका नगासाठी लातूरकडच्या माणसानं अडीचशेहून जास्त किलोमीटर किती वेळा जायचं? आणि दुसरं, पीएमईजीपी केंद्राची आहे, पण मुख्यमंत्री रोजगार निर्मितीची योजना तुमचीच आहे. त्यात एवढी एक ओळ टाका की स्वतःच्या वस्तूची चाचणी म्हणून पहिल्या वर्षात केलेली विक्री "चालू उद्योग" धरली जाणार नाही. एक ओळ. त्याला ना बजेट लागतं ना उद्घाटन.

आमच्या भागात मोठी कंपनी यावी म्हणून सगळे भांडतात, यावी की, मी पण नोकरीला जाईन कदाचित. पण ती येईपर्यंत वेल्डिंगच्या दुकानात रात्री दहाला जे पोरगं काहीतरी वाकवत बसलंय त्याच्याकडं पण बघा, कुणी हळदीसाठी करायलंय, कुणी सीताफळाचा गर काढायला.

उत्तर जमलं तर जानेवारीच्या आत पाठवा. फेब्रुवारी लागली की मी चिंचेत असतो, फोन उचलणं होत नाही.

आपला,
निलंगा तालुक्यातला एक फिटर