ताई, वर्ग आमच्या मागे आला

आदरणीय ताईंना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातातही देता आलं असतं. पण तुम्ही जे केलंत ते नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या पाड्यापाड्यांवर व्हायला हवं, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर तुम्ही घरी बसला असतात तर कुणी नाव ठेवलं नसतं. तुम्ही आमच्या समाजमंदिरात बायकांचा वर्ग सुरू केलात. फळ्यावर पहिला शब्द लिहिलात : नागली. मग वरई, खुरासणी, उडीद. गमभन बाजूला राहिलं. माझ्या सासूबाई जन्मभर नागली लावत आल्या. त्या शब्दातला ‘ल’ दोन दिवसांनी रेशन दुकानाच्या फलकावर ‘लाभार्थी’त सापडला, तेव्हा त्यावर बोट ठेवून त्यांनी मला हाक मारली. रांगेतल्या बायका वळून बघत होत्या.

खरी अडचण पुढे होती. भात कापून झालं की आमचे पाडे निम्मे रिकामे होतात. माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात. विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मग काढणी. सावळघाट ओलांडला की पाटी-पुस्तक मागेच राहतं. प्रौढ शिक्षणाचे वर्ग बंद पडले की ‘लोकांना आवड नाही’ असं म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. वर्गाचं वेळापत्रक आमच्या वर्षाशी जुळत नाही, एवढंच. तुम्ही ते जुळवलंत. बायका बागेवर गेल्या की वर्गही बागेवर. मालकाच्या शेडमध्ये, कॅरेट उलटे घालून, रात्रीच्या भाकरी झाल्यावर. मला म्हणालात, ‘तू सातवी शिकलीस ना, मग उद्यापासून तू शिकव. मी आठवड्याला येऊन बघीन.’ आणि एसटीने येत राहिलात.

तिथलं गणित पुस्तकातलं नव्हतं. बागेचं काम उक्तं असतं, एकरी दराने. तुम्ही विचारलंत, एकरी सहा हजार, बाग अडीच एकर, बायका दहा, तर माणशी किती? पंधराशे. मग म्हणालात, आता ज्याची त्याची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, वजा करा. हातच्याची वजाबाकी जिला कधी जमली नव्हती, तिने स्वतःची उचल बरोबर वजा केली. तेव्हापासून टोळीची स्वतःची वही आहे. पहिल्याच हंगामात मुकादमाच्या वहीशेजारी ती ठेवली, तर फरक निघाला. दोन्ही वह्या सगळ्यांसमोर ओळीने वाचल्या आणि राहिलेले पैसे मिळाले.

‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता योजनेची परीक्षा आली तेव्हा पंधरा वर्षांवरचं कुणीही बसू शकतं, हे तुम्ही घरोघर जाऊन सांगितलंत. वाचन, लेखन, संख्याज्ञान मिळून १५० गुणांचा पेपर. मार्च म्हणजे काढणीचे दिवस, तरी बायका एक दिवसाची मजुरी सोडून शाळेत येऊन बसल्या. प्रमाणपत्रं मिळाली. साक्षर म्हणून नोंद झाली की बहुतेक ठिकाणी काम संपतं, आणि वाचायला काही नसेल तर आलेली अक्षरंही जातात. नाशिक शहरात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. आमच्या पाड्यावर पुस्तकांचं पहिलं कपाट तुम्ही आणलंत.

आमचा तालुका पेसात, म्हणजे आदिवासी भागासाठीच्या ग्रामसभा कायद्यात येतो, ग्रामसभेला मोठे अधिकार आहेत, हेही त्याच वर्गात कळलं. पूर्वी कोरमसाठी बायकांचे अंगठे घेतले की झालं. आता ठराव आधी मोठ्याने वाचायचा, मग सही. सासूबाई एकेक अक्षर जोडत वाचतात, वेळ लागतो, सभा थांबते. थांबू दे.

माझ्यापुरतं सांगायचं तर, मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा अर्ज तुम्हीच आणून दिलात. १९८९ साली नाशिकला सुरू झालेल्या त्या विद्यापीठाचं ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद मी फलकावर वाचलं होतं, पण आमच्या घरापर्यंत ती गंगा तुमच्या पिशवीतून आली. धाकट्याला मांडीवर घेऊन गृहपाठ लिहिले, बारावी नसताना बीएला बसले आणि पास झाले. संपर्क सत्राच्या दिवशी माझं पाणी भरायला तुम्ही शेजारच्या दोघींना सांगून ठेवायचात, हे मला फार उशिरा समजलं. त्याचे आभार आजवर राहिले होते. मनापासून आभार, ताई.

आता पुढचं. भाताची आवणी उरकली की वर्ग पुन्हा सुरू करतोय. यंदा पुरुषांनीही नावं दिली आहेत. त्यांना सातबारा आणि वनपट्ट्याचे कागद स्वतः वाचायचे आहेत. शिकवू आम्ही. तुम्ही पहिल्या रविवारी फक्त येऊन बसा. कोणत्या एसटीने येताय ते कळवा, फाट्यावर घ्यायला आम्ही असू.

तुमची विद्यार्थिनी,
पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून