लेन्स फिरली रे

अव्या,

दोन वर्षं पत्र नाही, मेसेज नाही, शिव्या घाल. बाकी तब्येत ठीक, शुगर बॉर्डरवर, सोड ते.

मुद्दा डावा डोळा. गेल्या महिन्यात ओटीपी दोनदा चुकला, 3 चा 8 दिसला. रात्री चंद्राला तिरकं शेपूट. मला वाटलं चाळिशी आली. तपासलं तर ती अकरा वर्षांपूर्वी चष्मा घालवायला डोळ्याच्या आत, नैसर्गिक लेन्सच्या पुढे बसवलेली लेन्स फिरलीय, 15 अंश! सिलिंडरचा (म्हणजे एका दिशेचा तिरका) नंबर असला की लेन्सला दिशा असते ना, ती एक अंश हलली की साधारण 3 टक्के करेक्शन जातं आणि 30 वर गेली की सिलिंडरपुरती असून नसल्यासारखी. म्हणजे माझं निम्मं गेलं. फिरायचं ते बहुतेकदा सुरुवातीच्या दिवसांतच फिरतं म्हणे, माझ्या लेन्सला आत्ता सुचलं.

हस नको. "आत ठेवलेली वस्तू आज ना उद्या हलतेच" हे तूच म्हणाला होतास आणि मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नव्हतो. पण कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, पातळ, लेसर करणार कुठून? आणि मायनस अकराचा चष्मा हरवल्यावर पलंगाखाली हात फिरवत शोधायची मजा तुला सांगायला नको, तू तर मुद्दाम लपवायचास. अकरा वर्षं सकाळी डोळे उघडले की पंखा दिसलाय. त्याबद्दल तक्रार नाही.

आता घोळ वेगळाच. माझी जुन्या पद्धतीची, मधे भोक नसलेली, म्हणून तेव्हा डोळ्याच्या आतलं पाणी वाहायला बुबुळाच्या पडद्यालाच लेसरने भोकं पाडली होती. ती लेन्स आणि आपली नैसर्गिक लेन्स यांच्यात जी फट असते ती तेव्हा 400 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग तो मायक्रॉन) होती, आता 120. वय वाढलं की आतली लेन्स जाड होते, फट कमी होते, आणि फारच चिकटली की मोतीबिंदू लवकर. कॉर्नियाच्या आतल्या पेशी चौरस मिलिमीटरला 2700 होत्या, आता 2250, या परत वाढत नाहीत. हे वयाने होतंच, लेन्सनेही थोडं, कोणाचं किती ते कोण मोजणार. डोळ्याच्या मागच्या पडद्याचं, रेटिनाचं, तर वेगळंच, डोळा मुळात लांबट, लेन्स घातली म्हणून आखूड होत नाही, त्यामुळे पडदा सुटायची भीती आधी होती तेवढीच, दरवर्षी थेंब घालून तपासणी आहेच. मी तीन वर्षं गेलोच नव्हतो. हे घरी सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणतात फिरवून सरळ करता येते, पण फट एवढी कमी तर परत फिरेल, मग बदला, नाहीतर थांबा आणि मोतीबिंदू आला की दोन्ही एकदम काढू. बेचाळिसाव्या वर्षी मोतीबिंदूची वाट बघायची! बदलायची म्हणजे परत आत हात घालायचा, परत पेशी जाणार. रात्रभर हाच हिशोब.

तुझी बदली झाली का? काकूंचा गुडघा? चिमीची दहावी ना यंदा, सांग.

पुढच्या गुरुवारी परत तपासणी आहे, थेंब घातले की मला समोरचा माणूस ओळखू येत नाही, सोबत येशील का? फोनच कर, मेसेज वाचायला डावा डोळा मिटावा लागतो.

तुझा,
मंद्या