कन्सोलकडे खेळ राहू द्या, घरचा कारभार नको

मा. संपादक,

स. न. वि. वि.

टीव्हीला जोडून खेळायच्या नव्या यंत्राने, म्हणजे गेम कन्सोलने, आता घरातल्या करमणुकीचे केंद्र व्हावे, असे सुचवणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. खेळ, सिनेमा, गाणी, वाहिन्या, व्हिडिओ कॉल हे सगळे एकाच खोक्यात आले तर वायरींचे जंजाळ सुटेल आणि पैसेही वाचतील, असे लेखकाचे म्हणणे आहे. ऐकायला छान वाटते. पण कन्सोल कंपन्या हे गाजर तीसहून अधिक वर्षे दाखवत आल्या आहेत आणि त्याची किंमत बहुतेक वेळा खेळणाऱ्यांनीच मोजली आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

सुरुवात फार जुनी आहे. १९८८ मध्ये निन्टेंडोने जपानमध्ये आपल्या फॅमिकॉम या कन्सोलला फोनच्या तारेवर चालणारा मोडेम जोडून घरबसल्या शेअर खरेदी-विक्रीची सोय दिली होती. ज्या यंत्रावर मुले मारिओ खेळत, त्यावर वडिलांनी शेअरचे भाव बघायचे, अशी ती कल्पना! ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. पुढे फिलिप्सचा सीडी-आय आला (१९९१), मग ६९९ डॉलरचा थ्रीडीओ (१९९३). दोघांनाही दिवाणखान्यात सर्व काही व्हायचे होते. एक ना धड, भाराभर चिंध्या. सोनीनेही २००३ मध्ये प्लेस्टेशन २ आणि डीव्हीडी रेकॉर्डर एकत्र करून पीएसएक्स नावाचे यंत्र काढले, ते जपानबाहेर कधी पडलेच नाही.

लेखकाच्या बाजूने एक भक्कम दाखला आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. २००० साली आलेले प्लेस्टेशन २ डीव्हीडीही चालवत असे. तेव्हा वेगळा डीव्हीडी प्लेअर घ्यायचा म्हणजे खिशाला चांगलीच चाट बसायची. त्यामुळे 'सिनेमाही बघता येईल' हे वाक्य कितीतरी मुलांनी आईवडिलांच्या गळी उतरवले असेल. ते कन्सोल १५ कोटी ५० लाखांहून अधिक विकले गेले. प्लेस्टेशन ३ ने २००६ मध्ये ब्लू-रे या डीव्हीडीनंतरच्या, अधिक स्पष्ट चित्राच्या डिस्कच्या बाबतीत तोच डाव टाकला. किंमत मात्र ४९९ आणि ५९९ डॉलर ठेवली आणि पहिली दोन-तीन वर्षे त्याचे चटके सोनीला बसले. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने ब्लू-रेची प्रतिस्पर्धी असलेल्या एचडी डीव्हीडीमधून माघार घेतली आणि ब्लू-रे जिंकली, हे खरे. पण त्या विजयाचा खर्च कन्सोलच्या किमतीत मिसळला होता. ज्याला फक्त खेळायचे होते, त्याच्याही माथी तो आलाच.

आता दुसरी बाजू. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हा आपला कन्सोल जगापुढे आणला, तेव्हा कार्यक्रमाचा बराचसा वेळ टीव्हीतच गेला. आवाजाने वाहिनी बदलते, स्काइपवर बोलता येते, पडद्याच्या कडेला दुसरे ॲप उघडून ठेवता येते, असे बरेच काही. सेट-टॉप बॉक्सची वायर थेट कन्सोलमध्ये घालता यावी म्हणून मागे खास एचडीएमआय-इन दिले होते. खेळ बघायला बसलेले लोक खेळांची वाट बघत राहिले. सोबत हालचाल आणि आवाज ओळखणारा किनेक्ट कॅमेरा सक्तीचा असल्याने किंमत ४९९ डॉलर, तर समोर सोनीचे प्लेस्टेशन ४ ३९९ डॉलरला.

मला यातली किमतीपेक्षाही बोचणारी गोष्ट वेगळीच वाटते. किनेक्टसाठी आणि त्या कडेच्या ॲपसाठी एक्सबॉक्स वनच्या ग्राफिक्स चिपची सुमारे १० टक्के ताकद राखून ठेवली होती. म्हणजे तुम्ही कधी हात हलवून वाहिनी बदला न बदला, तुमचा खेळ कायम उरलेल्या ताकदीवर चालणार. तीही प्लेस्टेशन ४ च्या चिपपेक्षा मुळातच कमी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा प्रकार. २०१४ च्या जूनमध्ये किनेक्टविना ३९९ डॉलरचे यंत्र बाजारात आले आणि ती राखीव ताकदही खेळ बनवणाऱ्यांना वापरायला मोकळी झाली. पण तोवर गाडी सुटली होती. दिवसातून एकदा तरी इंटरनेटला जोडण्याच्या आणि जुन्या डिस्क विकण्यावरच्या अटींनीही लोक बिथरले होते. त्या अटी कंपनीला विक्री सुरू व्हायच्या आधीच मागे घ्याव्या लागल्या, म्हणून सगळे खापर टीव्हीवर फोडणे बरोबर नाही. तरी २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादन थांबले आणि २०२० च्या एक्सबॉक्समधून एचडीएमआय-इन गुपचूप गायब झाले, हे पुरेसे बोलके आहे. कंपनीने स्वतःच तो नाद सोडला.

माझा मुद्दा एवढाच की 'करमणुकीचे केंद्र' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात. यंत्र स्वतःच्या अंगाने करू शकते ती एक. डिस्क घातली, सिनेमा लागला, यात कुणाची परवानगी लागत नाही. चालू स्थितीतल्या प्लेस्टेशन २ मध्ये आजही डीव्हीडी चालते. दुसरी गोष्ट कुणाच्या तरी सेवेच्या दोरीला लटकलेली असते. निन्टेंडोने वी यू या कन्सोलबरोबर TVii नावाची टीव्ही-सेवा वाजतगाजत आणली. (इंग्रजीत तिच्या नावात दोन आय होते, त्याने काही फरक पडला नाही.) अमेरिकेत ती २०१५ मध्ये बंद पडली, युरोपात पोचलीच नाही. सोनीची व्ह्यू ही वाहिन्यांची सेवा २०१५ ला सुरू झाली आणि जानेवारी २०२० मध्ये गुंडाळली. प्लेस्टेशन स्टोअरवर सिनेमे विकणे ऑगस्ट २०२१ अखेर थांबले. डिसेंबर २०२३ मध्ये तर पैसे मोजून घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम ग्राहकांच्या खात्यातून काढले जातील अशी सूचना आली. ओरड झाल्यावर आणि करार नव्याने झाल्यावर तो निर्णय फिरला. पण विकत घेतलेली वस्तू घरात राहते की नाही, हे ठरवायला दुसऱ्या दोन कंपन्यांनी एकत्र बसावे लागते, हे त्या महिन्यात सगळ्यांना कळले.

आणि आता या सेवांसाठी कन्सोल लागतोच कशाला? २००८ च्या सुमारास नेटफ्लिक्स मायक्रोसॉफ्टच्या आधीच्या एक्सबॉक्स ३६० वर आले तेव्हा टीव्हीला असले काही कळत नव्हते. आज टीव्हीतच सगळी ॲप असतात. नसतील तर बोटभर लांबीची स्ट्रीमिंग स्टिक मागे लावली की झाले. ती मोजके काही वॅट खाते, तोच सिनेमा दाखवायला कन्सोल कित्येक पट वीज घेतो. खोक्यातला पंखा घरघरतो तो वेगळाच.

रोजच्या वापरातली गोष्ट तर विचारू नका. सिनेमा रंगात आलेला असतो आणि सोफ्यावर पडलेला, हातात धरून खेळायचा गेमपॅड कुणाच्या तरी मांडीखाली येतो. खांद्याकडचे बटण दाबले जाते आणि नायक-नायिका एकदम पुढच्या प्रसंगात. आजी विचारतात, "अगं, हे लग्न कधी झालं?" मागे न्यायला कोणते बटण, हे घरातल्या धाकट्यालाच ठाऊक, आणि तो झोपलेला. तोवर गेमपॅडची बॅटरी उतरलेली असते. गेमपॅड खेळासाठी बनवला आहे आणि त्या कामात तो अप्रतिम आहे, पण अंधारात चाचपडून 'थांब' दाबायला टीव्हीचा साधा रिमोट त्याच्यापेक्षा शहाणा.

शिवाय केंद्र एकच म्हटले की भांडण आलेच. मुलगी ऑनलाइन सामन्याच्या मध्यात आहे आणि बातम्यांची वेळ झाली. सामना अर्धवट सोडता येत नाही, बातम्या थांबत नाहीत. यंत्रे दोन असती तर प्रश्न फक्त पडद्याचा उरला असता. मुलांच्या खेळण्याला वेळेची मर्यादा घालू पाहणाऱ्या पालकांचीही पंचाईत होते. ज्या खोक्याला 'आता बंद' म्हणायचे, तोच घरात सकाळपासून रात्रीपर्यंत चालू.

यावर लेखक म्हणतील की मग लोकांना साधा, फक्त खेळणारा कन्सोल चालेल का? निन्टेंडो स्विच २०१७ मध्ये आला तेव्हा त्यावर सिनेमा दाखवणारे एकही ॲप नव्हते, डीव्हीडी नाही, इंटरनेटवर भटकायला ब्राउझर नाही. तो १५ कोटींच्या वर विकला गेला.

खरी गंमत पुढेच आहे. केंद्र व्हायचे म्हणणाऱ्या या कंपन्या नेमकी उपयोगाची गोष्ट काढून टाकत आहेत. फिलिप्सबरोबर सीडी जन्माला घालणाऱ्या सोनीचे प्लेस्टेशन ४ आणि ५ साधी ऑडिओ सीडी वाजवत नाहीत. २०२४ मध्ये ६९९.९९ डॉलरला आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रो मध्ये डिस्क ड्राइव्हच नाही, तो वेगळे पैसे देऊन जोडायचा. ॲपच्या रांगा मात्र पडद्यावर जशाच्या तशा. जे आपल्या हातात राहते ते गेले, जे त्यांच्या हातात राहते ते उरले.

तेव्हा नव्या कन्सोलकडून माझ्या अपेक्षा लेखकापेक्षा बऱ्याच थोड्या आहेत. डिस्क ड्राइव्ह खोक्यातच द्या. बटण दाबल्यावर काल जिथे सोडला तिथून खेळ सुरू होऊ द्या. सिनेमाची ॲप ज्याला हवी त्याने स्वतः उतरवून घ्यावीत आणि ज्याला नको त्याच्या पडद्यावर त्यांच्या जाहिराती झळकू नयेत. राहिला एकाच रिमोटचा प्रश्न. एचडीएमआयच्या वायरीतूनच टीव्ही आणि त्याला जोडलेली यंत्रे एकमेकांना चालू-बंद करू शकतात, ही सोय कित्येक वर्षांपासून आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती अनेकदा बंद असते आणि प्रत्येक कंपनीने तिला वेगळे नाव दिलेले असते. लेखकांनी आधी ती शोधून चालू करून पाहावी.

आपला,
एक नियमित वाचक